तुळसाक्काचं औषध, देवूची नडगी

या अंकाच्या संपादकांनी मला जंगलातल्या डॉक्टरकीचे रोमांचक अनुभव लिहायला सांगितलं आहे. त्यांच्या मनात वाघ असणार. ती अपेक्षा आधीच मोडून काढतो. जोयड्याच्या दवाखान्यात वाघाचा म्हणून जो एकुलता एक रुग्ण आला, तो डरकाळी ऐकून पळताना बांधावरून घसरला होता. आणि डरकाळी वाघाची नव्हती, लाकडाच्या लॉरीची होती. त्याचा घोटा मी बांधला. वाकडा बांधला, असं तो शेवटपर्यंत म्हणत असे.

तेव्हा माझ्याजवळ सांगण्यासारखी गोष्ट आहे ती एका नडगीची. एकोणीसशे तीसच्या आगेमागची. आज कर्नाटकात असलेला तो मुलूख तेव्हा मुंबई इलाख्यात होता. मी नुकता डॉक्टर झालो होतो आणि बेळगावच्या मोठ्या इस्पितळाला माझी गरज आहे अशी माझी खात्री होती. इस्पितळाची तशी खात्री नव्हती. मला मिळाला तो जोयड्याचा दोन खोल्यांचा कौलारू दवाखाना, पुढं एक सोपा म्हणजे ओसरी, आणि आप्पण्णा नावाचा कंपाउंडर. आप्पण्णाची भाषा कानडी, मराठी कामापुरती, आणि काम नसलं की कुठलीच नाही.

गावात एक तुळसाक्का होत्या. खानापूरकडच्या. नवरा लवकर गेला, तेव्हापासून लाकडाचं कंत्राट घेणाऱ्या धाकट्या भावाचा संसार सांभाळत होत्या. गडी, गाडीवान, हत्तीचा माहूत, सगळे त्यांना आक्का म्हणत आणि सगळे त्यांना वचकून असत. आक्कांना मधुमेह होता. मधुमेह म्हणजे साखर जाळणारा एक रस शरीरात कमी पडतो. तो रस जनावरांच्या पोटातल्या एका ग्रंथीतून काढून बाटलीत भरतात. त्याला इन्सुलिन म्हणतात. आपल्याकडे ते मिळायला लागून थोडीच वर्षं झाली होती. आक्कांची बाटली मुंबईहून रेल्वेनं लोंढ्याला यायची, तिथून ओल्या भुशात गुंडाळून मोटारीनं किंवा बैलगाडीनं गावात. गावात बर्फ कुठला? डब्यात घालून तो डबा आम्ही दवाखान्याच्या विहिरीत, पाण्याच्या वर हातभर, दोरीनं टांगून ठेवत असू.

पहिल्याच दिवशी आक्कांनी विचारलं होतं, "कुठल्या जनावराचं रं हे?"

मी म्हणालो, "विलायती."

"विलायती जनावर म्हणजे कसलं?"

"आक्का, हात पुढं करा."

तेव्हापासून माझ्या शिक्षणाविषयी त्यांचं मत जे झालं ते झालं. मी रोज सकाळी त्यांच्याकडं जायचो, स्पिरिटच्या दिव्यावर सुई उकळायचो, टोचायचो. त्यांचं लक्ष सुईवरून हटावं म्हणून काहीबाही बोलत राहायचो. त्या मला "तू" म्हणायच्या, कधी "पोरा", आणि सुई दुखली की त्याच्याही खाली उतरायच्या. दर आठवड्याला लघवी तपासायचो. निळं पाणी घालून उकळायचं; साखर असली की ते तांबडं होतं. आक्कांचं कायम विटेसारखं तांबडं. मी म्हणायचो, "आक्का, गोड खाताय." त्या म्हणायच्या, "घरात साखरेचा दाणा ठेवू दिला न्हाईस तू. काय, भिंत चाटू?" खरंच, त्यांच्या भावजयीनं माझ्या हुकमानं घरातली साखर-गूळ हलवला होता. मग मी औषध वाढवायचो. विज्ञानात असंच असतं, अशी माझी समजूत होती.

त्याच सुमाराला माझ्या सोप्यावर देवू येऊन पडला. नंदिगड्ड्याकडच्या डोंगरातला कुणबी. पावसाळ्यात स्वतःचं भात, उरलेल्या दिवसांत कुळगीच्या जंगलात लाकूडतोड, आणि अधूनमधून कड्यावरचा मध काढणं. झाड तोडताना कुऱ्हाड घसरून नडगीवर बसली होती. त्यानं पाला वाटून लावला, वर चिंधी बांधली आणि काम चालू ठेवलं. माझ्याकडं आला तेव्हा जखम विड्याच्या पानाएवढी झाली होती आणि तिला कडेनं कठीण पांढरी किनार आली होती.

बाहेरच्या माणसाला सांगायला हवं, नडगी ही फार वाईट जागा. कातडीखाली लगेच हाड, मांस नाही, रक्त बेताचं. तिथली जखम एकदा चिघळली की डॉक्टरची सगळी विद्या बाहेर काढते आणि संपवते. माझी लवकर संपली. मी पिवळी पूड लावली, तिच्या वासानं आप्पण्णा आपला डबा घेऊन बाहेर आंब्याखाली जेवायला लागला. मलम लावलं, जखम ओली झाली. मलम बंद केलं, कोरडी होऊन फुटली. प्रत्येक वेळी मी देवूला म्हणायचो, "आता उतार पडेल." तो म्हणायचा, "व्हय साहेब." इतक्या समजूतदारपणानं म्हणायचा की कोण कुणाची समजूत घालतंय ते कळायचं नाही.

मग ताप यायला लागला. जखम हाडापर्यंत गेली की पाय जातो, आणि उशीर केला तर माणूस. मी त्याला बेळगावला जायला सांगितलं.

"तिकडं काय करत्यात?"

"बघतील. कदाचित पाय काढावा लागेल."

देवूनं पायाकडं पाहिलं. मग म्हणाला, "पाय तिकडं ठेवून मी हिकडं येऊन काय करू? आमच्या घराला वाट न्हाई साहेब, चढण हाय." आणि तो सोप्यावरच पडून राहिला. मी सकाळी आक्कांना टोचायचो आणि परत येऊन देवूची पट्टी सोडायचो. या दोन रुग्णांचा एकमेकांशी काही संबंध असेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नाही.

चैत्रातली गोष्ट. एका सकाळी टोचून मी परत आलो आणि थोड्या वेळानं आक्कांची भावजय धावत आली. "चला लवकर. आक्का कशातरीच करायल्यात."

जाऊन बघतो तर आक्का झोपाळ्यावर बसलेल्या, घामानं भिजलेल्या, हात थरथरतायत. मला बघून म्हणाल्या, "या डॉक्टरसाहेब. बसा. आपण उन्हातून आलात, दमला असाल."

मी घाबरलो. तुळसाक्का मला "आपण" म्हणत होत्या. याहून गंभीर लक्षण त्यांच्यात मी कधी पाहिलं नव्हतं. रक्तातली साखर एकदम खाली गेली की माणूस असा बरळतो, मग बेशुद्ध होतो, आणि वेळेत साखर पोटात गेली नाही तर संपतो.

"साखर आणा," मी म्हणालो.

भावजय म्हणाली, "कुठली आणू? तुम्हीच काढाय लावलीसा."

"गूळ?"

"तो बी."

त्या गावात पाळल्या गेलेल्या माझ्या एकुलत्या एका हुकमाचा मला तेव्हा राग आला. शेजारी माणूस पाठवायला मी वळलो, तोच भावजय खालच्या आवाजात म्हणाली, "आक्कांच्या पेटीत मध आसंल."

पेटीला कुलूप, किल्ली आक्कांच्या कमरेला. मी किल्ली मागितली. आक्का अत्यंत अदबीनं म्हणाल्या, "आपण पाहुणे. आपल्याला कशी देऊ?" शेवटी भावजयीनं त्यांचे हात धरले आणि मी, सरकारी डॉक्टर, एका विधवा बाईच्या कमरेची किल्ली ओढून काढली. पेटीत लुगड्यांच्या खाली मधाची बरणी होती. तळाशी बोटभर मध राहिला होता. तो खरवडून मी आक्कांच्या हिरड्यांना चोळत राहिलो. हळूहळू थरथर थांबली. डोळे माझ्यावर स्थिर झाले.

"माज्या पेटीला हात कुणी लावला रं, मुडद्या?"

मला इतकं बरं वाटलं की मी खालीच बसलो.

मग सगळं बाहेर आलं. आक्कांना मध देवू आणून द्यायचा. वर्षानुवर्षं. लाकडाच्या गाडीबरोबर यायचा, परसदारानं बरणी द्यायचा, पेज पिऊन जायचा. तो शिमग्याआधीपासून माझ्या सोप्यावर पडलेला, नवा मध बंद; बरणीतला उरलेला आक्कांनी पुरवून पुरवून तळाला आणला होता. आणि मी मात्र मध धरून वाढवलेलं औषध तसंच टोचत होतो. माझा एक रुग्ण दुसऱ्याला बिघडवत होता, आणि पहिला पडल्यावर दुसरा सुधारत होता, आणि हे त्या गावात मला सोडून बहुधा सगळ्यांना ठाऊक होतं. आप्पण्णाला मी विचारलं, "तुला माहीत होतं?" तो म्हणाला, "तुम्ही विचारलं नाही."

मी आक्कांचं औषध निम्म्यावर आणलं. दोन दिवसांनी आक्का चालत दवाखान्यात आल्या. कधी येत नसत. देवूच्या खाटेजवळ उभ्या राहून त्यांनी मला पट्टी सोडायला लावली. जखम बघून त्यांचा चेहरा उतरला. देवू दुसरीकडं तोंड करून म्हणाला, "आक्का, ह्या बारीला मध न्हाई जमला."

"मध जाऊ दे जाळून," आक्का म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून, "तू मागं सांगत हुतास, हे माजं औषध जखमेवर बी घालत्यात म्हणून."

सांगितलं असेन. सुई टोचताना मी काय काय सांगत असे. बेळगावला एका वर्गमित्राकडून गप्पांत ऐकलं होतं की बरी न होणाऱ्या जखमांवर काही लोक इन्सुलिनचे थेंब टाकून बघतात. त्यानं कुणाकडून ऐकलं होतं देव जाणे.

"आक्का, ते ऐकीव आहे. आणि हे तुमचं औषध. दुसऱ्याच्या पायावर कसं घालू?"

"निम्मं उरतंय म्हणालास न्हवं? उरलेलं काय करणार?"

"उन्हाळ्यात फार दिवस टिकणार नाही. टाकून द्यावं लागेल."

"मग? ह्येचा मध माज्या पोटात गेला का न्हाई? आता माजं औषध ह्येच्या पायावर जाऊ दे."

"पण तुम्ही पुन्हा गोड खाल्लंत तर मला ते सगळं तुम्हालाच लागेल."

आक्कांनी देवूच्या पायाकडं पाहिलं. "न्हाई खात," म्हणाल्या. मी त्यांना हे एक वाक्य म्हणायला लावण्यासाठी कितीतरी सकाळी घालवल्या होत्या.

मी देवूला सगळं समजावून सांगितलं. गुण येईल न येईल, मला ठाऊक नाही, हेही सांगितलं. त्यानं फक्त विचारलं, "पाय कापण्यापरास वाईट हाय काय?" मी म्हणालो, नाही. "मग घाला."

जखमेतून थोडं औषध रक्तात जाईल आणि आक्कांसारखी याचीही साखर उतरेल, ही मला भीती. म्हणून आधी पोटभर खायला घालायचं आणि मगच थेंब टाकायचे, असं ठरलं. खाणं आक्कांच्या घरून यायचं. नाचणीची भाकरी, दूध, उसळ. देवू इतकं नेमानं आयुष्यात कधी जेवला नसेल.

आणि मग माझ्यातला शास्त्रज्ञ जागा झाला. मी विचार केला, सगळ्या जखमेवर औषध टाकलं आणि ती भरली, तर कशानं भरली ते कळणार कसं? निम्मीवर टाकावं, निम्मी सोडावी. जखम उभी लांबट होती. मी मध्ये आडवा दोरा धरून तिचे दोन भाग केले. वरच्या भागावर इन्सुलिनचे थेंब, खालच्यावर उकळून गार केलेलं मिठाचं पाणी. पाय उशीवर, हलवायचा नाही, थेंब मुरेपर्यंत पट्टी नाही. मनातल्या मनात मी माझा निबंध वाचत होतो, आणि मोठमोठे साहेब तो ऐकत होते.

वरचा भाग सुधारायला लागला. किनार मऊ पडली, तळाशी तांबूस दाणे दिसायला लागले. डॉक्टरला त्याहून देखणं काही नसतं. माझा आनंद पोटात माईना. पण खालचा भागही सुधारायला लागला. जवळजवळ तितकाच. मी चक्रावलो. मग मी एक उपपत्ती बसवली: औषध वरून शोषलं जाऊन आतल्या आत खाली झिरपत असणार. तीन-चार दिवस मी ही उपपत्ती आप्पण्णाला समजावून सांगितली. तो ऐकून घ्यायचा.

एकदा थेंब टाकून मी आत गेलो आणि चिमटा विसरला म्हणून लगेच परत आलो. देवूनं पाय उशीवरून काढून खाटेखाली सोडला होता आणि नडगीवर वाकून, थेंब वरून खाली ओघळताना मोठ्या आस्थेनं बघत होता.

"काय चाललंय हे?"

तो दचकला. "काय न्हाई साहेब. वरच्यातलं जरा खालच्याला देतोय."

"रोज करतोस?"

"व्हय. तुमी रोज वरच्यालाच घालता. खालचं बी माजंच हाय न्हवं? त्येला नुसतं पाणी घालायचं, ते काय बरं दिसंना."

मी आप्पण्णाकडं पाहिलं. तो बाटल्या पुसत होता. मी काही विचारलं नाही. उत्तर माहीत होतं.

माझा निबंध तिथंच वारला. दोरा मी फेकून दिला आणि सगळ्या जखमेवर थेंब टाकायला लागलो. पावसाच्या तोंडावर जखम भरली. गुळगुळीत, चकचकीत, शाळिग्रामासारखी नवी कातडी आली. देवू पेरणीला घरी गेला. त्या चढणीनं, दोन्ही पायांवर.

आता कशानं भरली? थेंबांनी भरली असेल. माणूस जन्मात पहिल्यांदा इतके दिवस पाय वर करून पडला, म्हणून भरली असेल. दूध-भाकरीनं असेल, मिठाच्या पाण्यानं असेल, किंवा माझी पिवळी पूड थांबली म्हणूनही असेल. मला तेव्हा कळलं नाही, आजही सांगता येणार नाही. पण गावाला शंका नव्हती. "आक्काचं पाणी" मागायला माणसं यायला लागली. गळवाला, खरजेला, बैलाच्या खांद्याला. एक गाडीवान टक्कल घेऊन आला. आणि खरं सांगतो, त्यांना नाही म्हणताना माझी मान जरा ताठ असायची. ज्याच्याकडं नाही म्हणण्याजोगं काही आहे असा डॉक्टर मी पहिल्यांदाच झालो होतो.

ती ताठ मान पुढल्या पावसाळ्यात वाकली. आक्का परसात अनवाणी फिरायच्या. पायात कधीतरी काटा गेला. मधुमेह जुना झाला की पायाची जाणीव जाते. त्यांना कळलंच नाही. भावजयीला वास आला तेव्हा अंगठा काळा पडायला लागला होता.

मी हसून म्हणालो, "काळजी नको. आपल्याकडं औषध आहे."

मी थेंब टाकले. देवूला टाकले होते त्याहून नेमानं, त्याहून काळजीनं. काळेपणा वर सरकला. मी आणखी टाकले. तिसऱ्या की चौथ्या सकाळी आक्कांनी माझा हात धरला. अंगात ताप होता, पण आवाज खणखणीत.

"डाक्टर, हे शिंपणं पुरं. हेच औषध तू रोज माज्या दंडातनं आत घालतोस. आत जाऊन त्येला जमलं न्हाई, ते वरनं काय जमणार? मला बेळगावला ने."

बाई बरोबर बोलत होती.

नदीला पाणी चढलं होतं, मोटार बंद होती, गाड्या चिखलात रुतत होत्या. कुणी निरोप धाडला ठाऊक नाही, पण दुपारच्या आत देवू आपल्या वाडीतले तिघं गडी घेऊन आला. त्यांनी आक्कांच्या भावाची खुर्ची घेतली, दोन बाजूंनी बांबू बांधले, वर इरल्याचं छप्पर केलं आणि आक्कांना उचललं. होडीनं नदी ओलांडून, जंगलातून लोंढ्याच्या स्टेशनापर्यंत. देवू पुढच्या बांबूला. मी मागून, एका हातात औषधांची पेटी, दुसऱ्यात छत्री, पायाला जळवा. माझी नजर सारखी देवूच्या नडगीकडं जात होती. चिखलात ती आत जायची, बाहेर यायची, पुन्हा आत. नवी कातडी फुटते की काय, या धास्तीनं मी दर उतारावर श्वास धरत होतो.

आक्कांनी खुर्चीतून मान वळवून पाहिलं. "रोगी मी हाय," म्हणाल्या. "त्याचा पाय न्हाई पळून जात."

मधे एकदा थांबलो तेव्हा देवू माझ्याजवळ आला आणि हळू विचारलं, "साहेब, आक्काचं औषध मी खाल्लं म्हणून तर तिला असं झालं न्हाई न्हवं? माज्या पायावर घातलं ते?"

मी त्याला सांगितलं, नाही. त्यांना लागणारं होतं ते सगळं त्यांना दिलं होतं, तुला फक्त उरलेलं. त्यानं पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. माझ्या त्या सगळ्या नोकरीत एखादी गोष्ट मी इतक्या खात्रीनं क्वचितच सांगितली असेल. त्यानं मान हलवली आणि बांबू खांद्यावर घेतला.

बेळगावला त्यांनी अंगठा आणि शेजारचं बोट काढलं. पाय वाचला, आक्का वाचल्या. दसऱ्यानंतर काठी टेकत परत आल्या. मी भेटायला गेलो तर देवू आधीच त्यांच्या सोप्यावर बसलेला. दोघांनी पाय पुढं करून एकमेकांना खुणा दाखवणं चाललं होतं.

मला बघून आक्का म्हणाल्या, "ये. तुला सांगायचं ऱ्हायलं. तिथल्या मोठ्या डाक्टरनं विचारलं, गावाकडं कोण बघत हुतं म्हणून. मी तुजं नाव सांगितलं."

"मग काय म्हणाले?"

"म्हणाला, चांगला डाक्टर हाय. आणखी दोन दिवस ठेवून घेतलं आसतं तर पाय गेला आसता. येळेवर आणलं त्यानं."

मी देवूकडं पाहिलं. तो आपल्या नडगीवरून अंगठा फिरवत होता.

"आक्का," मी म्हणालो, "आणलं यानं. मी मागून छत्री घेऊन चालत होतो."

"ते मला ठावं हाय," आक्का म्हणाल्या. "पण देवू कोण, हे त्या साहेबाला कुठं समजावत बसू? तुजं नाव सोपं पडलं."